एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचे गाव

(लोहारा, जि. यवतमाळ येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ‘गोलाकार तारकागुच्छ’ हा आहे. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार किती, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. मी कला शाखेचा पदवीधर असून माहिती देणे हा माझा व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी एका पत्रकात मी ‘प्रकाशवर्ष’ हा शब्द काळाचे माप म्हणून वापरला होता. चार दिवसांनी एका प्राथमिक शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर काटतो तेवढे, असे त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत लिहिले होते. त्या पोस्टकार्डाने मला आकाशाचा नाद लावला. तेव्हा आज आपणांपुढे उभा आहे तो एक शास्त्रज्ञ नसून एका शिक्षकाचा उशिरा प्रवेश घेतलेला विद्यार्थी आहे, असे समजावे.

कृत्तिका आणि त्यांचे वडीलधारे

आपल्याकडील शेतकऱ्याला आकाश परके नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा यांच्या हिशेबाने तो पेरणीचा विचार करतो, आणि कृत्तिकांचा पुंजका तर लहान मुलेही ओळखतात. कृत्तिका हा ताऱ्यांचा एक गुच्छच आहे. साध्या डोळ्यांना त्यात सहा-सात तारे दिसतात; प्रत्यक्षात ते हजाराहून अधिक आहेत. तो आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वय साधारण १० कोटी वर्षे आहे. ताऱ्यांच्या जगात हे वय म्हणजे बालपण होय. अशा विरळ, तरुण गुच्छांना खुले तारकागुच्छ म्हणतात.

गोलाकार तारकागुच्छ हे त्यांचे वडीलधारे होत. त्यांत काही दहा हजारांपासून काही दशलक्षांपर्यंत तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधले जाऊन चेंडूसारखे गोळा झालेले असतात; मध्यभागी दाट आणि कडेला विरळ होत गेलेले. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे वय ११ ते १३ अब्ज वर्षांच्या दरम्यान येते. आपला सूर्य ४.६ अब्ज वर्षांचा आहे. म्हणजे सूर्य जन्माला आला तेव्हा हे गुच्छ वार्धक्याकडे झुकलेले होते.

या गुच्छांनी मानवाला त्याचे स्थानही दाखवून दिले. त्यांतील फार मोठा भाग धनू राशीच्या दिशेला एकवटलेला आहे. १९१८ मध्ये हार्लो शॅप्ली या अमेरिकन ज्योतिर्विदाने यावरून अनुमान काढले की, आकाशगंगेचे केंद्र त्या दिशेला असून सूर्य तिच्या मध्यावर नाही. शॅप्लीने मोजलेले अंतर पुढे दुरुस्त करावे लागले; ते सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे आहे असे आता मानले जाते. परंतु आपण केंद्रस्थानी नाही, हा त्याचा निष्कर्ष कायम राहिला.

लोहाराची दृष्टी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ताऱ्याचे आयुष्य कोट्यवधी वर्षांचे आणि निरीक्षकाचे आयुष्य फार तर शंभर वर्षांचे. मग ताऱ्याचा जन्म, तारुण्य आणि अंत यांचा अभ्यास करावा कसा?

याचे उत्तर गावातच सापडते. एका माणसाला जन्मापासून मृत्यूपर्यंत पाहण्यास आयुष्य खर्ची पडेल. पण गावाची एकाच दिवशी शिरगणती केली तर बाल, तरुण, प्रौढ, वृद्ध असे सारेच एका दृष्टिक्षेपात दिसतात. गोलाकार तारकागुच्छाची गंमत याहूनही वेगळी आहे. तेथे सर्वजण जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले, जवळजवळ एकाच द्रव्यापासून घडलेले आणि आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. वेगळेपण उरते ते प्रामुख्याने वजनाचे. तेव्हा कोणता तारा किती थकला, याचे कारण वयात न शोधता त्याच्या वस्तुमानात शोधावे लागते. निसर्गाने प्रयोगशाळेत मांडून ठेवावा असा हा प्रयोग आहे.

त्याचे वाचन करण्याची रीत लोहाराला ठाऊक असलेल्या रीतीसारखी आहे. या गावाच्या नावाने ती मला सुचली, एवढेच. भट्टीतले लोखंड किती तापले हे लोहार हात लावून पाहत नाही. ते काळसर तांबडे, नारिंगी, पिवळे की पांढरे झाले, हे पाहून तो घण उचलतो. ज्योतिर्विदही ताऱ्याचा रंग पाहून त्याचे तापमान ठरवितात. तांबडा तारा त्या मानाने थंड, पिवळा अधिक तप्त, पांढरा त्याहून तप्त आणि निळसर सर्वांत तप्त. रंगाच्या जोडीला तेजस्विता घेऊन गुच्छातील प्रत्येक तारा एका आलेखावर बिंदूने मांडतात. असे हजारो बिंदू मांडले म्हणजे त्यांचा एक पट्टा तयार होतो. पट्ट्याच्या वरच्या टोकाला जड, तेजस्वी व निळे तारे असावयास हवेत. खालच्या टोकाला हलके, मंद व तांबडे.

परंतु जुन्या गुच्छात पट्ट्याचे वरचे टोक नाहीसे झालेले दिसते. जड ताऱ्याजवळ इंधन अधिक असते हे खरे, पण तो ते उधळपट्टीने जाळतो. सूर्यासारखा तारा सुमारे १० अब्ज वर्षे हायड्रोजन जाळीत राहतो. सूर्याच्या दहापट जड तारा दोन-तीन कोटी वर्षांतच संपतो. हायड्रोजन सरत आला की तारा फुगून थंड होतो आणि तांबडा राक्षसी तारा बनतो. आलेखात त्याचा बिंदू पट्टा सोडून उजवीकडे वळतो. पट्टा जेथे वळतो, ते वळणच गुच्छाचे वय सांगते. जुन्या गुच्छांत हे वळण सूर्याच्या सुमारे आठ-दशांश वस्तुमानाच्या ताऱ्यांपाशी येऊन ठेपले आहे. त्याहून जड असलेल्या ताऱ्यांचा संसार आटोपला आहे किंवा आटोपत आहे.

दुसरा पुरावा निखाऱ्यांचा आहे. भट्टी विझल्यावर निखारे किती निवले यावरून ती केव्हा विझली याचा अंदाज बांधता येतो. सूर्यासारख्या ताऱ्याचा अंत झाल्यावर मागे जो लहान, घट्ट, हळूहळू निवणारा गोळा राहतो त्याला श्वेतबटू म्हणतात. वृश्चिक राशीतील ज्येष्ठा ताऱ्याच्या अगदी जवळ एम-४ नावाचा गुच्छ आहे. २००२ मध्ये हबल दुर्बिणीने त्यातील अत्यंत मंद श्वेतबटू टिपले. ते किती निवले आहेत यावरून काढलेले वय १२ ते १३ अब्ज वर्षांच्या घरात आले. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी पोचणे, याला विज्ञानात फार मोल आहे.

तिसरी खूण लोखंडाचीच. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन व हेलियम हीच मुख्य द्रव्ये होती. लोखंड पुढे ताऱ्यांच्या पोटात व त्यांच्या स्फोटांत घडले. म्हणून जुन्या गुच्छांतील ताऱ्यांत लोखंडाचे प्रमाण सूर्याच्या मानाने फार थोडे, पुष्कळदा दशांश ते शतांश एवढेच असते. आपल्या रक्तातील आणि नांगराच्या फाळातील लोखंड त्यानंतरच्या पिढ्यांच्या ताऱ्यांनी कमावून ठेवलेले आहे.

मूल आईहून वडील?

विज्ञानात सारेच सुरळीत चालते असे नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. १९९० नंतरच्या काही वर्षांत एक मोठी अडचण उभी राहिली होती. काही गुच्छांचे वय विश्वाच्या वयाहून अधिक येऊ लागले. मूल आईहून वडील असावे, असाच हा प्रकार झाला. मग हिशेब पुन्हा तपासले गेले. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांची अंतरे अधिक अचूक मोजली. त्यांवरून १९९७ मध्ये दिसून आले की, गुच्छ समजले होते त्याहून दूर आहेत, म्हणून त्यांतील तारे अधिक तेजस्वी आणि म्हणून वयाने थोडे लहान आहेत. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले व विश्वाचे वय वाढले. आता विश्व १३.८ अब्ज वर्षांचे मानले जाते आणि आई पुन्हा मुलाहून वडील झाली आहे. चूक कबूल करून ती शोधत जाणे, ही या शास्त्राची खरी शिस्त होय.

शेजाराने पालटलेले आयुष्य

गुच्छातील ताऱ्याचे आयुष्य केवळ त्याच्या वजनावर ठरते, असे मी म्हणालो. त्याला एक अपवाद आहे आणि तो आपणां सर्वांना रुचेल, कारण तो शेजाराचा आहे.

१९५३ मध्ये ॲलन सँडेज यांना एम-३ या गुच्छात काही निळे, तेजस्वी तारे दिसले. हिशेबाप्रमाणे ते कधीच म्हातारे व्हावयास हवे होते. सर्व समवयस्क वृद्ध झालेल्या गावात चार-दोन जण तरुणच राहावेत, तसे हे मागे रेंगाळलेले निळे तारे होते. त्यांचे गूढ आता बरेच उकलले आहे. दाट वस्तीत तारे जोडीने फिरतात, क्वचित एकमेकांवर आदळतातही. जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतल्याने किंवा दोघे एकजीव झाल्याने ताऱ्याचे वजन वाढते आणि तो पुन्हा तरुणासारखा तळपू लागतो.

या संशोधनात भारताचा वाटा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही आपल्या देशाची पहिली खगोलीय वेधशाळा अंतराळात गेली. तिच्यावर अतिनील किरणांची एक दुर्बीण आहे. अतिनील किरण वातावरणात अडतात, म्हणून असे वेध वातावरणाबाहेर जाऊनच घ्यावे लागतात. ही दुर्बीण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झाली आणि तिच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचा मोलाचा सहभाग होता. भूतप तारकासमूहातील एनजीसी ५४६६ या गुच्छात तिने अशाच एका निळ्या ताऱ्याजवळ तप्त श्वेतबटू असल्याचे दाखविले. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो श्वेतबटू म्हणजे आपले द्रव्य देऊन रिता झालेला जोडीदार होय. देणारा आणि घेणारा दोघेही एकत्र सापडले.

खोडदचा कान

शेजाराची याहून नवलाची कथा आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरून ऐकली गेली. ‘ऐकली’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे नारायणगावजवळ महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. घट्ट पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक तारेची जाळी बसवावी, म्हणजे वारा आरपार जाईल आणि सांगाडा हलका व स्वस्त होईल, ही त्यांची युक्ती होती. आपली विणलेली बाज आठवावी. तत्त्व फारसे निराळे नाही.

२००४ मध्ये पावलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम व ईश्वरचंद्र या शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीच्या साहाय्याने कपोत तारकासमूहातील एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात एक स्पंदक शोधून काढला. स्पंदक म्हणजे मृत ताऱ्याचा गाभा. सूर्याहून अधिक द्रव्य अवघ्या २०-२५ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबले गेलेले असते. तो गिरक्या घेतो आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो. हा स्पंदक एका सेकंदात सुमारे २०० गिरक्या घेतो. इतका वेग त्याला जन्मतः मिळालेला नसून जोडीदाराचे द्रव्य अंगावर घेता घेता लाभला असला पाहिजे, असे शास्त्रज्ञ मानतात. अशा देवघेवीनंतर जोडीची कक्षा जवळपास वर्तुळाकार उरते. या स्पंदकाची १८.८ दिवसांची कक्षा मात्र कमालीची लांबोळकी आढळली. त्याचा अर्थ असा लावला जातो की, गुच्छाच्या गर्दीत तिसरा तारा मध्ये आला, जुना जोडीदार बाहेर फेकला गेला आणि नवा त्याच्या जागी बसला.

त्याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीने पुढे आणखी स्पंदक शोधले. त्यांतील एकाचा अदृश्य जोडीदार सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट जड असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. तो अतिजड न्यूट्रॉन तारा आहे की अतिशय हलके कृष्णविवर, याचा निर्णय लागलेला नाही. एका गुच्छाचा खोडदने दिलेला धागा दुसऱ्या खंडातील शास्त्रज्ञांनी पुढे नेला, ही आपणांस समाधान देणारी गोष्ट आहे.

शांततेची किंमत

येथे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे : कापसाचा भाव आणि पावसाचा भरवसा यांची चिंता करणाऱ्या जिल्ह्याला एवढ्या दूरच्या ताऱ्यांचा उपयोग काय? या ज्ञानाने उद्या बोंडे वाढतील, असे आश्वासन मी देणार नाही. ते खोटे ठरेल. पण अनेकांचे निरीक्षण करून एकाचे निदान करणे, चुकलेला हिशेब पुन्हा तपासणे आणि पुरावा मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवणे, ही सवय ज्या गावाला लागते ते गाव बियाण्याच्या जाहिरातीलाही पुरावा मागते. उपयोग आहे तो हा.

या ज्ञानाला किंमतही द्यावी लागते. खोडदची जागा निवडली ती तेथे रेडिओ गोंगाट कमी होता म्हणून. आकाशातून येणारे हे संकेत इतके क्षीण असतात की, जवळपासची यंत्रे त्यांना सहज बुडवून टाकतात. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची आखणी दुर्बिणीच्या परिसरातून जात असल्याने वेधांना बाधा येईल असा आक्षेप निघाला आणि मार्ग बदलण्याचा प्रश्न उपस्थित झाला. त्या भागातील लोकांना रेल्वे हवी आहे. त्यांची अपेक्षा गैर आहे, असे कोणाला म्हणता येणार नाही. आपण आकाशातील शोधांचा अभिमान बाळगतो तेव्हा त्या शांततेचा भार कोणती गावे वाहतात, याचे स्मरण ठेवावे, एवढेच मी सुचवितो.

आपल्या आकाशातील गुच्छ

लोहाऱ्यावर असा भार नाही. येथे मागणे आहे ते फार थोडे, आणि ते अंधाराचे आहे.

साध्या डोळ्यांना दिसणारा सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ दक्षिण आकाशात नरतुरंग तारकासमूहात आहे. त्याचे नाव ओमेगा सेंटॉरी. तो सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असून त्यात जवळपास एक कोटी तारे आहेत. प्राचीन काळी टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती. तो एका गिळंकृत झालेल्या छोट्या आकाशगंगेचा गाभा असावा, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. त्यात ताऱ्यांच्या एकाहून अधिक पिढ्या आढळतात. म्हणजे ‘सर्व एकाच वेळी जन्मलेले’ हा नियम येथे सैल करावा लागतो. २०२४ मध्ये हबलच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांवरून त्याच्या मध्यभागी सूर्याच्या किमान ८,२०० पट जड कृष्णविवर असल्याचा पुरावा पुढे आला.

युरोपच्या बहुतेक देशांतून हा गुच्छ दिसत नाही. आपल्या अक्षांशावरून दिसतो. मे महिन्याच्या मध्यावर चंद्र नसलेल्या रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. बराच उंच चित्रा नक्षत्राचा तेजस्वी तारा दिसेल. तेथून क्षितिजाकडे ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेषा कल्पावी. हात ताठ पसरून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. चित्रेपासून साडेतीन मुठी खाली, क्षितिजापासून दोन मुठींहून थोडे वर, एक पुसट ठिपका असतो. साधी द्विनेत्री लावली की तो तारा नसून धुरकट गोळा आहे, हे ध्यानी येते. एप्रिलच्या मध्यावर हेच दृश्य मध्यरात्री दिसेल.

अडचण एवढीच की, क्षितिजालगतचा हा ठिपका प्रकाशाने सर्वांत आधी पुसला जातो. लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे, औद्योगिक वसाहत जवळ आहे, दिवे वाढणारच. रस्त्यावर उजेड हवाच. बायाबापड्यांना व शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना तो अधिक हवा. परंतु उघडा दिवा रस्त्याइतकाच आकाशालाही उजळतो आणि त्या वाया गेलेल्या उजेडाचे देयक पंचायतच भरते. म्हणून सदस्यांना माझी विनंती अशी की, नवे दिवे घेताना वरून झाकलेले व खाली प्रकाश टाकणारे घ्यावेत. पांढऱ्या-निळसर प्रकाशाऐवजी पिवळसर प्रकाशाचे घ्यावेत, कारण निळसर प्रकाश हवेत अधिक विखुरतो. शिक्षकांना विनंती ही की, शाळेत एक साधी वही ठेवावी. दरवर्षी मे महिन्यात मुलांना गावाबाहेरील मोकळ्या जागी, पालकांसह न्यावे, आणि ठिपका दिसला की नाही, एवढे तारखेसह लिहून ठेवावे. दहा वर्षांनी ती वही गावाच्या आकाशाचा दाखला ठरेल.

त्या गुच्छातून आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश १७ हजार वर्षांपूर्वी निघालेला आहे. शेवटच्या चार कोसांवर आपल्या दिव्यांनी त्याची वाट अडवू नये, ही विनंती करून आणि त्या पोस्टकार्ड पाठविणाऱ्या गुरुजींचे स्मरण करून मी आपली रजा घेतो.